तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या वर्षांनी परीक्षा देऊन नवीन काय कळलं?

सीसीएनए (नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची परीक्षा) झाल्यापासून भेटेल तो हेच विचारतो. "इतकी वर्षं नेटवर्कचंच काम करताय, मग आता परीक्षा कशाला? नवीन काय कळलं?"

कळलं ते जरा लाजिरवाणं आहे. कामं होत होती, पण ती का होतात याची माझ्या डोक्यातली कारणं चुकीची होती. आणि काम होतंय म्हटल्यावर कारण तपासायला बसतो कोण?

माझी पक्की समजूत अशी, की पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) ज्या सर्व्हरकडे जायचंय त्याचा आयपी आणि त्याचाच मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) त्यावर असतो. मग सर्व्हर तीन राउटर पलीकडे का असेना. अभ्यास करताना वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावून एक पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघणारा संदेश) पकडला. डेस्टिनेशन आयपी सर्व्हरचा, बरोबर. मॅक मात्र भलताच. एआरपी टेबल (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, याची यादी) उघडलं, तर तो माझ्याच डिफॉल्ट गेटवेचा, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा! दर राउटरवर जुनी फ्रेम (पॅकेटवरचं मॅक लिहिलेलं वेष्टण) उतरते, नवी चढते. मॅक बदलतात, आयपी (वाटेत पत्ता बदलणाऱ्या नॅटची भानगड नसेल तर) तोच राहतो. समोरचा पत्ता आपल्या नेटवर्कातला आहे का, हे माझं मशीन मास्कवरून (पत्त्याचे पहिले किती बिट नेटवर्कचे, हे सांगणाऱ्या आकड्यावरून) ठरवतं. नसेल तर ते एआरपीने फक्त गेटवेचा मॅक विचारतं.

एवढं कळलं आणि एक जुनं कोडं सुटलं. एका मशीनवर इंटरनेट चालायचं, पण शेजारच्या सबनेटमधला (नेटवर्कच्या दुसऱ्या तुकड्यातला) सर्व्हर काही केल्या दिसायचा नाही. मास्क /२४ ऐवजी /१६ पडला होता. मशीनला तो सर्व्हर घरातलाच वाटत होता, म्हणून ते थेट त्यालाच हाका मारत बसलं. राउटरपलीकडे हाक जाणार कशी? तेव्हा मी सगळे आकडे पुसून पुन्हा टाईप केले होते आणि चाललं म्हणून उठलो होतो.

त्याच एआरपीने माझं आणखी एक अज्ञान उघडं पाडलं. सिस्कोच्या राउटरवरून एखाद्या मशीनला पहिल्यांदा पिंग केलं की बऱ्याचदा एक टिंब आणि चार उद्गारचिन्हं येतात: .!!!! म्हणजे ८० टक्के यश. "लाईन गरम व्हायला वेळ लागतो," असं मी नव्या पोरांना बिनदिक्कत सांगायचो. प्रत्यक्षात एआरपीचं उत्तर येईपर्यंत पहिलं पॅकेट टाकून दिलेलं असतं. लगेच पुन्हा पिंग करा, पाचही उद्गारचिन्हं. त्या पोरांची माफी अजून मागायची राहिली आहे.

.२५५ ने संपणारा पत्ता ब्रॉडकास्टचाच (नेटवर्कातल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा), हेही असंच. १०.०.०.०/२३ मध्ये ब्रॉडकास्ट असतो १०.०.१.२५५. मधले १०.०.०.२५५ आणि १०.०.१.० हे दोन्ही मशीनला खुशाल देता येतात. १९९३ मध्ये सीआयडीआर (हवा तेवढा मास्क लावायची पद्धत) येऊन क्लासची (ठरीव आकाराच्या नेटवर्कांची) सद्दी संपली, तरी मी हे पत्ते वर्षानुवर्षं सोवळ्यात ठेवले.

स्पॅनिंग ट्रीचा (स्विचमधली गोल-गोल फेरी टाळणाऱ्या पद्धतीचा) रूट, म्हणजे तिचा मुख्य स्विच, म्हणजे सगळ्यात दमदार स्विच, असंही मला वाटे. प्रायॉरिटीला हात लावला नाही तर सगळ्यांची ३२७६८. मग ज्याचा मॅक सर्वांत लहान तो राजा. माझ्या लॅबमध्ये हा मान कोपऱ्यातल्या सगळ्यात जुनाट, घरघरणाऱ्या डब्याला मिळाला होता.

टीटीएलचं (पॅकेटचं उरलेलं आयुष्य सांगणाऱ्या आकड्याचं) मात्र वेगळं झालं. ते सेकंदांत मोजतात असं मी समजायचो आणि त्यावरून अभ्यासात एक उत्तर चुकलो, कारण दर राउटरवर फक्त एक वजा होतो. मग चिडून १९८१ चं आरएफसी ७९१ (आयपीचं मानक) काढून वाचलं. त्यात एकक खरोखरच सेकंद लिहिलंय! आयपीच्या नव्या आवृत्तीत, आयपीव्ही६ मध्ये, त्याचं नाव बदलून हॉप लिमिट केलं. म्हणजे माझी एक समजूत तरी कागदोपत्री बरोबर होती. मार्क मात्र गेला तो गेलाच.