पुण्याहून बंगळुरूला: ऑफर हातात आल्यावर काय काय तपासलं

परराज्यातली नोकरी घ्यायची की नाही, ही चर्चा आपल्याकडे पगारावर सुरू होते आणि ‘बघ बाबा, तुझं तू ठरव’वर संपते. मी पगार बाजूला ठेवून एका कागदावर दोन रकाने आखले. एकात नाही जमलं तर परत फिरवता येतील अशा गोष्टी: पीजी (पेइंग गेस्टची खोली), भाड्याचं घर, बँकेची शाखा, गॅस. दुसऱ्यात एकदा केल्या की उलटवायला जड जाणाऱ्या: नोकरीच्या करारातल्या अटी, गाडीचा नंबर. आखल्यावर दिसलं की बंगळुरूला राहायला जाणं आणि कागदोपत्री बंगळुरूकर होणं हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. पहिल्याला पंधरा दिवस पुरतात, दुसरा अकरा महिने लांबवता येतो. लोक दोन्ही एका झटक्यात करतात आणि सहा महिन्यांनी परतायची वेळ आली की अडकतात.

आधी ऑफर लेटर. सीटीसीचा (कंपनी वर्षाला तुमच्यावर करणार त्या एकूण खर्चाचा) आकडा वाचून काही कळत नाही. त्यातून कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी (बहुतेक कंपन्या बेसिकच्या 4.81 टक्के धरतात), विम्याचा हप्ता आणि व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा बदलता भाग) काढा, मग उरेल ते बाराने भागा. एचआरकडे महिन्याच्या पगाराचा तक्ता मागितला तर देतात, मागायला लाजू नये. व्यवसाय कराचा विचार करायची गरज नाही, वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घटनेनेच घातलेली आहे. जॉइनिंग बोनसची अट मात्र दोनदा वाचा. बोनस हातात येतो कर कापून आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बहुतेक करारांत परत मागतात ती पूर्ण रक्कम. रिलोकेशनचे पैसे बिलावर मिळणार असतील तर जीएसटी क्रमांक असलेलं बिलच चालतं. टेम्पोवाल्याने पॅडवर लिहून दिलेली चिठ्ठी फायनान्सवाले परत पाठवतात. रुजू होण्याची तारीखही बघून घ्या. पगाराची यादी बंद झाल्यानंतर रुजू झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या शेवटी, म्हणजे महिन्याहून जास्त काळाचा खर्च स्वतःच्या खिशातून.

सुट्ट्यांची यादीसुद्धा आत्ताच मागून घ्या. कर्नाटकात दिवाळीच्या सरकारी सुट्ट्या नरक चतुर्दशी आणि बलिप्रतिपदेला असतात, लक्ष्मीपूजन त्यात नसतं, भाऊबीजही नाही. गुढीपाडव्याचं भागतं, कारण त्यांची युगादी त्याच दिवशी. गणपतीला एक दिवस. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या लगेच भरतात, तेव्हा सुट्टीचं गणित जाण्याआधी घरच्यांना सांगून ठेवलेलं बरं.

आता पैसे, कारण खरा निर्णय इथे होतो. बंगळुरूत डिपॉझिटला ॲडव्हान्स म्हणतात. पूर्वी दहा महिन्यांच्या भाड्याइतका घेत, आता बऱ्याच ठिकाणी तीन ते सहा महिन्यांचा मागतात. हिशोबापुरतं भाडं 22,000 धरू. पाच महिन्यांचा ॲडव्हान्स 1,10,000, पहिलं भाडं 22,000, ब्रोकरचं एक महिन्याचं 22,000, सामान नेण्याचे 18,000. पगार व्हायच्या आधी 1,72,000 रुपये मोकळे हवेत. यातला ॲडव्हान्स परत येतो, पण घर सोडताना त्यातून रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची तिथे पद्धत आहे, भिंतीला डाग असो वा नसो. म्हणजे अकरा महिन्यांनी परतलात तर ब्रोकर 22,000, रंग 22,000 आणि सामानाची जा-ये 36,000 असे 80,000 गेलेच. अकराने भागले तर महिन्याला साधारण 7,300. कागदावरचं 22,000चं भाडं प्रत्यक्षात 29,300ला पडलं. पगारातली वाढ या आकड्यापुढे ठेवून बघा. माझ्या मते हातात येणारी वाढ महिन्याला पंधरा हजारांपेक्षा कमी असेल तर पैशांसाठी राज्य बदलू नये. कामासाठी बदलायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते स्वतःशी तसं कबूल करावं.

हा खर्च कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे पहिला महिना पीजीत काढणं. एक महिन्याचं डिपॉझिट देऊन खोली मिळते. त्यातले किती परत मिळणार ते पावतीवर लिहून घ्या, कारण बरेच पीजीवाले ‘मेंटेनन्स’ म्हणून काही रक्कम ठेवून घेतात. पुण्यात बसून, व्हिडिओ पाहून घर ठरवू नका. व्हिडिओत खोली दिसते, गल्ली दिसत नाही.

घर कुठे घ्यायचं ते ऑफिसच्या गेटवरून ठरवा. ‘ऑफिस बंगळुरूत’ याला काही अर्थ नाही, व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटी ही व्यवहारात दोन गावं आहेत. व्हाइटफील्डला पर्पल लाइन मेट्रो 2023पासून सलग जाते. इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही यलो लाइन ऑगस्ट 2025मध्ये सुरू झाली, त्यामुळे जयनगर किंवा बीटीएमकडे राहून तिथे जाणं आता शक्य आहे. आउटर रिंग रोडवर बेळंदूर-मारतहळ्ळीच्या पट्ट्यात ऑफिस असेल तर चालत जाता येईल असंच घर बघा, भाडं दोन हजार जास्त पडलं तरी. कंपनीची बस असेल तर ती कुठे थांबते ते विचारून त्या थांब्याभोवती शोधा. ब्रोकरचे पैसे वाचवायचे असतील तर शनिवारी सकाळी त्या भागात पायी फिरा. गेटला लटकवलेल्या ‘टू-लेट’च्या पाट्यांवर बहुधा मालकाचाच नंबर असतो. दोन वाक्यं कन्नडमध्ये बोललात तर फोनवरचा सूर बदलतो. हिंदी सगळीकडे चालते असं धरून मोठ्या आवाजात तीच रेटण्याने काही साधत नाही, हे आपल्याला तरी कुणी शिकवायला नको.

घर पाहताना मी सर्वात जास्त वेळ पाण्यावर घालवीन. तीन प्रश्न विचारा: कावेरीचं पाणी येतं का आणि आठवड्यातून किती दिवस, बोअर आहे का, आणि टँकरचा खर्च कोणावर. 2024च्या उन्हाळ्यात शहरातले बोअर आटले तेव्हा टँकरवर अवलंबून असलेल्या इमारतींचे फार हाल झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, तो शहराच्या हद्दीत नंतर आलेल्या 110 गावांसाठी, पण घरोघरी जोडणी झाली आहे का ते त्या त्या इमारतीतच कळतं. मालक ‘ट्वेंटी-फोर अवर्स वॉटर’ म्हणणारच. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा की एप्रिल-मेमध्ये मेंटेनन्स किती आला होता. नळाच्या तोटीकडे आणि बाथरूमच्या फरशीकडेही बघा. पांढरा जाड थर दिसला तर पाणी बोअरचं आणि जड आहे. गीझरची कॉइल वर्षभरात क्षार धरते आणि बदलायचा खर्च भाडेकरूच्या माथी येतो.

करारात आपल्याकडच्या लोकांना एक फरक खटकतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. बंगळुरूत सर्रास अकरा महिन्यांचा करार ई-स्टॅम्पवर छापून दोघांच्या सह्या होतात, नोंदणी नाही. एचआरला तो चालतो, पण पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा तर नोंदणीकृत लागतो, तेव्हा पासपोर्टचं काम असेल तर ते निघण्यापूर्वी उरका. करारात रंगकामाची रक्कम आकड्यात लिहून घ्या (‘ॲज ॲप्लिकेबल’ नको), ॲडव्हान्स किती दिवसांत परत ते लिहून घ्या, लॉक-इन (घर सोडता न येणारी ठरावीक मुदत) असेल तर नोटीस पिरियडशी त्याचा मेळ बघा. ॲडव्हान्स बँकेतूनच द्या. किल्ली मिळाली की रिकाम्या घराचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. विजेच्या बिलावरचा आरआर क्रमांक (वीजजोडणीचा क्रमांक) टिपून घ्या. गृहज्योती या मोफत विजेच्या सरकारी योजनेत 200 युनिटपर्यंतचा लाभ भाडेकरूलाही मिळतो, पण आधीच्या भाडेकरूचं आधार त्या क्रमांकाला जोडलेलं असेल तर आधी ते काढून घ्यावं लागतं.

आता दाखले, कारण हे निघण्याआधी करायचं काम आहे. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला नसेल तर ‘आपले सरकार’वरून किंवा सेतू केंद्रातून आत्ताच काढा. त्याला महाराष्ट्रातल्या 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पुढे मधली वर्षं कर्नाटकात गेली की सलग वास्तव्य दाखवताना तहसीलमध्ये फेऱ्या होतात. जातीच्या दाखल्याबद्दल गैरसमज खूप आहेत. स्थलांतराने तो रद्द होत नाही. मात्र महाराष्ट्रातल्या दाखल्यावर कर्नाटक राज्याच्या नोकऱ्या किंवा प्रवेशातलं आरक्षण मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 1990पासून हीच भूमिका ठेवली आहे. केंद्राच्या भरतीत मूळ राज्याचाच दाखला लागतो. जातवैधता अर्धवट राहिली असेल तर पूर्ण करूनच निघा, तिथून पाठपुरावा होत नाही.

बाकीचं किरकोळ आहे. पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) तोच राहतो, फक्त जुनी रक्कम ऑनलाइन ट्रान्सफर करा, काढू नका. गॅस जोडणी पुण्यात परत करून टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी परत केल्याची पावती) घ्या. ते हरवलं तर तिथे जुन्या दराने जोडणी मिळत नाही. तोवर 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. मतदार यादीसाठी फॉर्म 8, नवीन मतदाराचा फॉर्म 6 भरू नका, दोन ठिकाणी नाव राहतं. आधारवरचा पत्ता बदलायची घाई नको. एकच अपवाद: कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमध्ये महिलांना मिळणारा शक्ती योजनेचा मोफत प्रवास तिथल्या पत्त्याच्या ओळखपत्रावरच मिळतो, रोज बसने जाणारीला हा फरक मोठा आहे.

राहिली दुचाकी. ती न्यायचीच असेल तर रेल्वे पार्सलने स्वस्त पडते. आदल्या दिवशी पार्सल ऑफिसला आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती घेऊन जा. टाकी पूर्ण रिकामी हवी, नाहीतर तिथेच नळी लावून काढायला लावतात. आरसे आधी काढून ठेवा. हेडलाइट, टाकी आणि हँडलला गोणपाट बांधून घ्या आणि पुठ्ठ्यावर मार्करने कुठून-कुठे हे मोठ्या अक्षरात लिहून दोन ठिकाणी बांधा, कारण एक पुठ्ठा वाटेत गळतोच. पार्सलची पावती जपून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. एमएच नंबर बघून चौकात अडवलं तर गाडी राज्यात कधी आली याचा पुरावा हीच पावती. चालवत नेली असेल तर पेट्रोलच्या आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या, चारचाकी असेल तर फास्टॅगचा उतारा.

म्हणून नंबर बदलायचा निर्णय नवव्या-दहाव्या महिन्यात घ्या, राहायचं पक्कं झालं असेल तरच. पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म 28वर एनओसी (ना हरकत पत्र) लागते. सगळे ई-चलान भरलेले हवेत, पीयूसी आणि विमा चालू हवा, फॉर्मवर चॅसी नंबरचा ठसा हवा. तो असा घेतात: चॅसीवरचा गंज-माती रॉकेलच्या फडक्याने पुसायची, कागद घट्ट धरायचा आणि पेन्सिल आडवी करून घासायची. अक्षरं पुसट उठली तर काउंटरवरून परत येतं, त्यामुळे दोन-चार ठसे काढून न्या. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची वेगळी एनओसी आणि सर्वात जास्त वेळ तीच खाते. एनओसीवर कुठल्या आरटीओला जायचं ते नाव येतं. कोरमंगला केए 01, जयनगर केए 05, इलेक्ट्रॉनिक सिटी केए 51. घर बदलायचा विचार असेल तर आधी बदला, मग एनओसी मागा.

तिथे फॉर्म 27, गाडीची तपासणी आणि गाडीच्या वयानुसार कर्नाटकचा आजीवन कर. इथे पुन्हा पैसे आधी भरायचे आणि मग परतावा मागायचा असा मामला आहे. नवीन आरसी, कर भरल्याची पावती, एनओसीची प्रत आणि मूळ करपावती जोडून पुण्याच्या आरटीओकडे उरलेल्या वर्षांचा कर परत मागता येतो, पण त्याला वेळ लागतो आणि एक फेरी होतेच. जुन्या दुचाकीसाठी हा सगळा उपद्व्याप परवडत नाही, पुण्यात विकून तिथे घ्या. नवीन गाडी घ्यायची असेल आणि कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर फॉर्म 60वर कंपनीचं प्रमाणपत्र घेऊन बीएच (एका राज्याचा नसलेला, ‘भारत’ मालिकेचा) नंबर मागा. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, त्यामुळे पुढच्या बदलीला नंबरही बदलत नाही आणि पंधरा वर्षांचा करही एका राज्यात अडकून पडत नाही.