चमत्कार वगळल्यावर संतचरित्रात काय उरते?

ख्रिस्ती संतांची चरित्रे मी इतक्या आवडीने वाचतो, पण त्यांतले चमत्कार वगळले तर उरते काय, असे मला वारंवार विचारले जाते. तुम्हीही विचारलेत म्हणून, ठाण्यात घडलेल्या एका प्रसंगाच्या आधाराने उत्तर देतो.

तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघाचे धर्मबंधू व त्यांचा भाषा जाणणारा सोबती, तिफ्लिसचा दिमित्री, चीनला निघाले असताना त्यांचे जहाज ठाण्याला लागले. ते एका नेस्टोरियन (पूर्वेकडील एक ख्रिस्ती पंथ) ख्रिस्ती घरी उतरले. त्या घरातील नवराबायकोचे भांडण काझीपुढे गेले, साक्षीसाठी पाहुण्यांना बोलावले गेले आणि चौकशी धर्माकडे वळली. थॉमसने आपले मत लपवले नाही. एप्रिल 1321 मध्ये चौघेही मारले गेले.

काही वर्षांनी तेथे आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या वृत्तांतात जेम्सला आग जाळत नाही, आणि पुढे समुद्रात वारा पडतो तेव्हा हुतात्म्यांचे एक हाड पाण्यात टाकताच तो पुन्हा वाहू लागतो. ओडोरिक त्या दिवशी ठाण्यात नव्हता. आगीची गोष्ट त्याने ऐकलेली आहे. मात्र मलिकाने, म्हणजे शहराच्या सुभेदाराने, त्यांना आधी सोडून खाडीपलीकडे पोहोचवले आणि एका मूर्तिपूजकाच्या घरी त्यांना आसरा मिळाला, हेही तोच सांगतो. संतांच्या गौरवासाठी या तपशिलांची काहीच गरज नव्हती, म्हणून ते मला विश्वासार्ह वाटतात.

पण माझे खरे उत्तर जॉर्डानस आहे. त्याच प्रवासातला हा डोमिनिकन या दुसऱ्या संघाचा साधू तेव्हा भडोचच्या दिशेने गेला होता, म्हणून वाचला. बातमी कळताच तो परतला आणि एका जिनोआच्या तरुणाच्या मदतीने त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, नेऊन पुरले. 1324 च्या जानेवारीत त्याने धर्मबंधूंना पाठवलेल्या पत्रात भूक, तहान, कैद आणि सर्वांत जास्त एकटेपणा आहे. माझ्या दृष्टीने संतचरित्राचा गाभा अशा पानांत असतो: आपलीही गत तीच होऊ शकते हे माहीत असलेला माणूस त्याच किनाऱ्यावर काम करत राहतो आणि सोबत्यांसाठी शोक करतो. 1329 मध्ये त्याला कोल्लमचा बिशप नेमण्यात आले. भारतावर त्याने लिहिलेल्या पुस्तकात आपल्या आंब्याफणसांचेही मनापासून वर्णन आहे.