व्ही-क्रॉसची लिफ्ट: पुढे ४० मिमी, मागे ३०, टायर २६५/७० आर १६

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, अडीच लिटर डिझेल, फोर बाय फोर, मूळ टायर २४५/७० आर १६ (रुंदी २४५ मिमी, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, रिम १६ इंची). मुक्काम कोल्हापूर. आजच्या घडीला स्प्रिंगा, शॉक, मागचे पाटे आणि स्टेपनीसकट पाचही टायर बसले आहेत, अलाइनमेंट झाली आहे. भरलेल्या गाडीची चाचणी बाकी आहे.

लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं, कशासाठी, ते आधी सांगतो. शेताकडच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत आणि मधला उंचवटा थेट मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याला, लागतो. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सस्पेन्शन उचललं की चॅसी वर जाते, मागचा एक्सल नाही. तो सबंध एक्सल चाकांवर उभा आहे, त्यामुळे डिफरन्शियल फक्त मोठ्या टायरनेच वर येतं. मूळ टायरचा व्यास कागदावर ७४९ मिमी, नव्याचा ७७७. फरक २८, त्याचा निम्मा १४ मिमी. एवढीच खरी कमाई. बाकीची सगळी लिफ्ट हा टायर कुठेही न घासता फिरावा म्हणून आहे. म्हणून मी टायर आधी ठरवला आणि लिफ्ट त्याच्या मागून. बरेच जण उलटं करतात, आणि मग ७५ मिमीच्या स्पेसरवर (स्प्रिंगवर बसवायच्या जाड चकतीवर) चाक धरणारे आर्म तिरके करून फिरतात.

२६५/७५ चा मोह मलाही होता. पण त्याचा व्यास ८०४ मिमी, म्हणजे मूळ टायरपेक्षा सात टक्क्यांहून जास्त. गिअरिंग जड होतं, ब्रेकवरचा भार वाढतो आणि मडगार्डच्या आतलं पत्र्याचं काम करावं लागतं. २६५/७० साठी मूळची सात इंची रिम चालते. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मात्र मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. १११ म्हणजे एका टायरला १०९० किलो, ११२ म्हणजे ११२०. पिकअपच्या हौद्यात कधी काय भरलं जाईल याचा नेम नसतो. एलटी (लाइट ट्रक) प्रकारचा टायर घेतलात तर तेवढ्याच वजनाला हवा जास्त लागते, दारावरच्या स्टिकरवरचा आकडा तसाच वापरू नका.

सामान विकत घेण्याआधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचारा, उत्तरही लेखीच घ्या. अपघातानंतर दावा अडला तर तोंडी "काही होत नाही ओ" कामाला येत नाही.

आता उचलण्याबद्दल, आणि यावर मी मुद्दाम जास्त लिहितो आहे. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. धरायला जॅक स्टँड. काम सिमेंट काँक्रीटच्या सपाट जमिनीवरच. पेव्हर ब्लॉकवर स्टँडचा पाय खचतो, उन्हात डांबरातही रुततो. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागचा एक्सल उचलला की त्याचा उपयोग संपला. तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे. स्टँड चॅसीखालीच लावायचे, कारण एक्सल खाली सोडायचा असतो. स्टँडवर भार आला की गाडीला बाहेरूनच चांगला हिसका द्यायचा, आणि ती हलत नाही हे पाहूनच खाली जायचं. काढलेलं चाक चॅसीखाली आडवं सरकवून ठेवायचं. स्टँड सरकलाच तर गाडी आणि छाती यांच्यामध्ये काहीतरी असतं. पुढचा ब्रेकचा कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर (होजवर) लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवायचा.

पुढची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बसलेली असते. तिचा वरचा नट स्प्रिंग दाबून धरणाऱ्या योग्य कॉम्प्रेसरशिवाय सोडणं जिवावर बेतू शकतं. ते काम मी उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे दिलं, त्यांच्याकडे भिंतीला पक्कं बसवलेलं यंत्र आहे. स्पेसर न घेता उंच स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉक घेतले. स्पेसर उंची देतो, पण चाकाला खाली जायला असलेली मोकळीक खातो, आणि खड्ड्यात वरचा आर्म स्टॉपवर आदळतो.

आर्मचे बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "गाडी चाकांवर बसू द्या आधी, हवेत आवळला तर बुश पिळतोय." अगदी खरं आहे. बुश म्हणजे आर्मच्या सांध्यातलं रबर, आणि ते आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबतं असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मागे दोन सोपे मार्ग होते. एक, जुन्या पाट्यांना पुन्हा कमान द्यायची. ट्रॉलीला ते चालतं, पण नुसता ठोकून दिलेला बाक लवकर बसतो, आणि पाटा तापवून नीट पाणी दिलं नाही तर तो तडकतो. दुसरा, एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालायचा. वजनाखाली आणि ब्रेक लावताना एक्सलला मिळणारा पीळ त्याने वाढतो, आणि एकावर एक ठोकळे तर कधीच नकोत. मी नवे पाट्यांचे सेट घेतले, यू-बोल्टही नवे. एकदा पूर्ण आवळलेला यू-बोल्ट ताणलेला असतो, तो परत वापरायचा नाही.

मग घासतंय का, ते पाहणं. सपाट जमिनीवर स्टिअरिंग फिरवून काहीच कळत नाही. पुढचं एक चाक आणि मागचं तिरक्या बाजूचं चाक रॅम्पवर चढवलं, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं, प्रत्येक वेळी हात घालून लायनर (मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक), बॉडी माउंट (बॉडी चॅसीवर बसते ती जागा) आणि वरचा आर्म तपासला. रिव्हर्समध्येही पाहा, तेव्हा टायर वेगळ्या ठिकाणी लागतो. माझ्या गाडीत डाव्या लायनरची मागची कड लागत होती. क्लिप काढून ती जरा आत घेतली, पत्र्याला हात लावावा लागला नाही. त्याच स्थितीत ब्रेक होज, एबीएसची वायर आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या सीव्ही जॉइंटचे रबरी बूट पाहिले. होज ताणून सरळ झालेला दिसला तर गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी झालेला निघाला, लिफ्टनंतर हे अपेक्षितच असतं. तो मर्यादेत आणल्यावर वळणानंतर स्टिअरिंग पुन्हा आपणहून सरळ येऊ लागलं. हेडलाइटही खाली घेतले. पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त उचलला की समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो.

रस्त्यावर: मीटरवर १०० असताना वेग हिशेबाने सुमारे १०३.७ हवा. मूळ मीटर थोडा जास्त दाखवायचा, त्यामुळे महामार्गावर जीपीएस आणि मीटर आता जवळजवळ जुळतात. किलोमीटर मात्र कमी नोंदवले जातात, सर्व्हिस त्या हिशेबाने आधी करायची. पन्हाळ्याच्या वळणांवर गाडी आधीपेक्षा जास्त कलते. वजन वर गेलं आहे, वेग कमी ठेवणं हाच त्यावर उपाय. ब्रेकला अंतरही थोडं जास्त लागतं, कारण प्रत्येक चाक जड झालं आहे.

चाकांचे नट १०० किमीनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासले, यू-बोल्ट ५०० ला पाहणार. स्प्रिंगा पूर्ण बसल्या की अलाइनमेंट पुन्हा. त्यानंतर हौद्यात सिमेंटची दहा पोती टाकून वजनकाट्यावर पुढचं-मागचं वजन वेगळं घेईन, चारही मडगार्डची उंची मोजेन आणि रात्री भिंतीवर हेडलाइटचा झोत पाहीन. ज्यांच्या पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला वजनानुसार दाब देणारा व्हॉल्व्ह एक्सलला दांड्याने जोडलेला आहे, त्यांनी तो दांडा नव्या उंचीला जुळवून घ्या. नाहीतर भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात.