टेम्पोत बसलेल्यांची वारी

आम्ही प्रोटेस्टंट, 1852 ला वाइल्डर साहेबांनी कोल्हापुरात मिशन सुरू केलं त्यातले, आमच्यात संतांचे सण नाहीत, त्यामुळं संताच्या फेस्तला, म्हणजे सणाला, चालत जायचं म्हटल्यावर आत्यानं विचारलंच, "तारण पायानं मिळतंय होय गं?" तरी गेले. शेजारच्या कॅथलिक वहिनी चालत जातात, कोल्हापूर ते जुनं गोवं, 3 डिसेंबरला सेंट झेवियरच्या फेस्तला पोचायचं, त्या म्हटल्या चल की, आणि मी हो म्हणून बसले.

कागल, निपाणी कधी मागं पडलं कळलं नाही. मागनं आमचा टेम्पो, त्यात गाद्या, पातेली, पाण्याचे जार. पुढं क्रूस, त्याच्यामागं टाळ घेतलेली पोरं, मग रोझरीवाल्या, म्हणजे मारियेची जपमाळ म्हणणाऱ्या बायका. रोझरी मला येत नाही, 'नमो मारिया' सुरू झालं की मी गप चालायची. उसाचा सीझन, ट्रॉल्या अंगावर आल्यासारख्या यायच्या, ड्रायव्हर मोठ्यानं गाणी लावून, आमचं भजन त्यात कुठल्या कुठं.

उत्तूरच्या पुढं दुपारी माझ्या टाचेनं सोडलं. फोड आदल्या दिवशीच आलेला, आता तो मोजा काढवेना एवढा झाला. टेम्पो पुढं गेलेला, फोनला रेंज नाही, मी बांधावर बसले आणि खरं सांगायचं तर रडायलाच आलं. शेताच्या कडेला ऊसतोडवाल्यांच्या कोप्या होत्या. एक बाई भांडी घासत होती ती हात पुसत आली.

"कुठली दिंडी ही?"

म्हटलं गोव्याला चाललोय, चर्चला. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही बहुतेक. "पाय हिकडं करा ताई," म्हणाली. आत जाऊन सुई आणली, काळा दोरा ओवला, चुलीतल्या विस्तवावर सुईचं टोक लाल केलं, दोऱ्याला गोडंतेल चोळलं आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढली. दोरा आतच ठेवून दोन्हीकडं बोटभर कापला. पाणी दोऱ्यावरनं थेंब थेंब बाहेर यायला लागलं. कातडी काढायची नाही, दोरा आपोआप गळतो, सासू पंढरीच्या वाटेवर असंच करायची, असं सांगत होती. (डॉक्टरला विचाराल तर तो ओरडेल, विचारू नका.) मग स्टीलच्या पेल्यात कोरा चहा. बीडकडची होती, दिवाळीनंतर आलेली, फड संपला की परत. पैसे काढले तर म्हणाली, "ठेवा, तुमच्या देवाला माझा नमस्कार सांगा," आणि उठून गेली, कारण भांडी तशीच पडली होती. माझा धर्म कुठला, मी किती चालले, काही चौकशी नाही.

तेवढ्यात टेम्पो परत आला आणि मी बसले. आमच्यात एक काका होते, रिटायर, घोट्यापर्यंत पँट दुमडून सगळ्यांच्या पुढं चालणारे. टेम्पो शेजारनं गेला तसं मोठ्यानं म्हणाले, "बसूनच जायचं तर एसटी काय वाईट होती?" माझं डोकंच फिरलं. वहिनी खिडकीशी येऊन म्हणाल्या, "झेवियर बाबा पण शेवटी चीनला न्यायला बोट येईल म्हणून बेटावर वाट बघत बसलेला, तिथंच गेला. तू बस गप."

आजऱ्यात तिथल्या ख्रिस्ती घरांनी घनसाळचा भात केलेला, वासानंच भूक लागली. जेवणाआधी एकेकानं आभाराची प्रार्थना करायची. काकांची पाळी आली. "देवा तुझे आभार, आजपर्यंत टेम्पोला हात लावायची वेळ माझ्यावर आली नाही." बायबलात लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, स्वतःला लई धार्मिक समजणारा, असाच उभा राहून आभार मानतो, मी आठवड्यातनं दोनदा उपास करतो, दशांश देतो, या जकातदारासारखा नाही. आभार मानायचे आणि त्यातच दुसऱ्याला चिमटा काढायचा, हे आमच्या चर्चमध्ये पण दर रविवारी चालतं, त्याला साक्ष म्हणतात. मी सुईचे आणि कोऱ्या चहाचे आभार मानले.

रात्री पाणी प्यायला उठले तर वहिनी काकांच्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. गुडघा हा एवढा सुजलेला. सकाळी मी म्हटलं, दिवसभर सगळ्यांना बोलणाऱ्या माणसाचे पाय चेपता, एक शब्द तरी ऐकवायचा. "ऐकवून सूज उतरत्याय होय?" एवढंच बोलल्या आणि गादी गुंडाळायला लागल्या. मला अजून ते जमत नाही. काकांचा आवाज ऐकला की दात शिवशिवायचे.

आंबोली धुक्यात गेली. सावंतवाडी, बांदा, मग गोवा. म्हापशाला वहिनींचा भाचा येऊन मिळाला, रात्रीच्या गाडीनं, इस्त्रीचा शर्ट, सेंट मारलेला. काका म्हणाले, "आले बघा द्राक्षमळ्यात पाच वाजता." बायबलातला दाखला, पाच वाजता आलेल्या मजुरालाही दिवसभर राबलेल्यांएवढीच मजुरी मिळते तो. काकांना तो पाठ, त्यात कुरकुर कोण करतं तेवढं सोडून.

फेस्तच्या दिवशी जुन्या गोव्यात माणसाला माणूस चिकटलेला. भाचा पहाटेच जाऊन बॉम जेझूच्या, झेवियर बाबाचं शरीर ठेवलंय त्या चर्चच्या, लायनीत उभा होता, बराच पुढं. त्यानं हात करून आम्हाला आत घेतलं, मागचे कोंकणीतनं जे बोलले ते बरोबरच होतं. काकांना गुडघ्यामुळं उभं राहवेना, तर त्यानं आपली सॅक खाली टाकून त्यांना त्यावर बसवलं. काका बसले. लाईन सरकली की उठायचे, परत बसायचे, भाचा सॅक पुढं ओढायचा. चर्चच्या दारापर्यंत असंच चाललं, आणि आत जाताना त्यांनी त्याला विचारलं, "परतीला तुझ्या गाडीत एक जागा असंल काय रे?"