जुम्मा तालाब शोधणाऱ्याला गांधीसागर कसा सापडतो

नागपुरात एकाच तळ्याला कुणी गांधीसागर म्हणतं, कुणी शुक्रवारी तलाव, कुणी जुम्मा तालाब. विकिपीडियावर लेखाचं शीर्षक मात्र एकच ठेवता येतं. उरलेली नावं टाइप करणाऱ्याला त्या लेखावर आणून सोडायचं काम पुनर्निर्देशनाचं. समजा लेख 'गांधीसागर तलाव' या नावाने आहे. मग 'जुम्मा तालाब' नावाचं नवं पान उघडून त्यात एवढीच ओळ टाकायची:

#पुनर्निर्देशन [[गांधीसागर तलाव]]

ही ओळ पानाच्या अगदी सुरुवातीला हवी. तिच्या आधी एखादा शब्द किंवा साचा (पानात घालायचा तयार मजकूर) आला, की सॉफ्टवेअर तिला आज्ञा म्हणून ओळखतच नाही. आज्ञेच्या शब्दातला रफार सुटला तरी तेच. विकीत ओळीच्या आरंभीचं # हे क्रमवार यादीचंही चिन्ह आहे, त्यामुळे अशा वेळी पानावर आकडा लागून सरळ ती ओळच छापली जाते. झलक बघताना आकडा दिसला तर जतन करू नका.

सगळं बरोबर असेल तर वाचकाला गांधीसागरचा लेख दिसतो आणि शीर्षकाखाली बारीक अक्षरात 'जुम्मा तालाब पासून पुनर्निर्देशित' अशी ओळ येते. पुनर्निर्देशनाचं पान स्वतः बदलायचं असेल तर त्या बारीक नावावर टिचकी मारायची. नुसतं शोधून गेलात तर दरवेळी लेखावरच पोचाल. गंमत म्हणजे सर्व्हर ब्राउझरला दुसरीकडे धाडत नाही. जुन्या पत्त्यावरच नव्या लेखाचा मजकूर देतो, आणि वरचा पत्ता नंतर पानातली स्क्रिप्ट बदलते. म्हणून वाचनसंख्या त्या-त्या नावाखाली वेगळी मोजली जाते. 'हा लेख कुणी वाचतच नाही' म्हणण्याआधी पुनर्निर्देशनांचे आकडेही बघावेत.

ह्रस्व-दीर्घाची पुनर्निर्देशनं (सिताबर्डी, दिक्षाभूमी, नागपुर) बहुतेकांना सुचतात. नुसतं 'बर्डी' मात्र राहून जातं, आणि गावात तर तेच बोलतात. शुद्ध नाव लेखाला द्यावं, अशुद्ध नाव पुनर्निर्देशनाला. यात शुद्धलेखनाचा अपमान वगैरे काही नाही.

खरा घोळ होतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकाने. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य घ्या. यातला 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, सॉफ्टवेअरला मात्र ती दोन वेगळी शीर्षकं वाटतात. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ विकी आपणहून एक करून घेते, जोडचिन्हाचं रूप तसं होत नाही. ॲ चंही असंच: एकसंध अक्षर वेगळं, आणि अ ला जोडचिन्ह व चंद्र लावून केलेलं वेगळं. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम (:) टाइप करणारे तर पुष्कळ. परिणाम काय, तर लेख असूनही दुवा लाल, म्हणजे 'असं पान नाही' असा, दिसतो, आणि कुणीतरी त्याच अभयारण्यावर दुसरा लेख लिहायला बसतं. अशा वेळी त्या लाल दुव्यावरच टिचकी मारा आणि उघडेल त्या पानात पुनर्निर्देशन करा. शीर्षक हाताने टाइप करू नका, कारण तुमचा कीबोर्ड तुमच्याच सवयीचं रूप देणार.

हायफनऐवजी रिकामी जागा असलेलं रूपही त्याच बैठकीत करून टाकावं.

नाव बदलतं तेव्हा दुसरी भानगड. नागपूर विद्यापीठाचं नाव 2005 मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झालं. अशा लेखाचं स्थानांतरण केलं, म्हणजे तो नव्या शीर्षकावर हलवला, की जुन्या नावाचं पुनर्निर्देशन आपोआप मागे राहतं. पण 'नागपूर युनिव्हर्सिटी' आधीपासून 'नागपूर विद्यापीठ'कडे जात असेल तर आता दोन टप्पे झाले, आणि सॉफ्टवेअर एकच टप्पा चालतं. वाचक मधल्या पानावर बाण बघत अडकतो. सांगकाम्ये (आपोआप संपादन करणारे प्रोग्राम) अशी दुहेरी पुनर्निर्देशनं अधूनमधून दुरुस्त करतात, तरी स्थानांतरणानंतर 'येथे काय जोडले आहे' उघडून ती आपणच सरळ करावीत. आणि मागे राहिलेल्या त्या पानाला लगेच हात लावू नका. त्याच्या इतिहासात एकच नोंद असेल आणि ते त्याच लेखाकडे बोट दाखवत असेल, तर लेख परत जुन्या नावावर नेता येतो. कुणी हौसेने त्यात वर्ग (विषयवारीची खूण) घातला, की प्रचालकाला, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्याला, गाठावं लागतं.

'महाल'सारखं नाव मात्र कुठेच वळवू नये. तो नागपूरचा जुना भागही आहे आणि राजवाडाही. तिथे निःसंदिग्धीकरणाचं, म्हणजे एकाच नावाचे वेगवेगळे अर्थ दाखवणारं, पान हवं.

लेखातल्या एखाद्या विभागाकडेही वळवता येतं, जसं 'बडग्या'साठी (नागपूरच्या मारबत मिरवणुकीतला पुतळा) [[मारबत#बडग्या]]. पुढे कुणी त्या विभागाचा मथळा बदलला तर कसलाही इशारा मिळत नाही. वाचक मुकाट्याने लेखाच्या माथ्यावर उतरतो. त्यामुळे मथळ्याशेजारी, संपादन करतानाच दिसेल अशी एक टीप ठेवलेली बरी. इतर लेखांमधले 'बडग्या'चे दुवे मात्र बदलून थेट मारबतकडे नेण्याची खटपट काहीजण करतात, ती नकोच. ते दुवे मोडलेले नाहीत, आणि उद्या बडग्यावर स्वतंत्र लेख झाला तर ते जागच्या जागी तयार असतील.