वंशजाला वंशज नाहीत

देवगडात माझं टायपिंगचं दुकान आहे. आंब्याचा सीझन असो-नसो, मेलेल्या माणसांची कामं चालूच असतात. सातबाऱ्यावर वारस लावायचे, बँकेतले पैसे काढायचे, प्रतिज्ञापत्रं करायची. तलाठ्याकडे माणूस 'मयत', इंग्रजी अर्जात 'डिसीझ्ड', मुलाच्या नावापुढे बापाचं नाव आलं की 'लेट'. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातही 'डिसीझ्ड'च आहे. वीस वर्षांत मला चौथा शब्द लागला नव्हता.

एक दिवस सत्तरीची काकी आली. भाऊ बोटीवर होता, मग न्यूजर्सीत राहिला आणि तिथेच वारला. लग्न नाही, मृत्युपत्र नाही. तिथल्या वकिलाने वारसांच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा पाठवला होता. त्यात आईवडील 'प्रीडिसीझ्ड', म्हणजे त्याच्या आधी गेलेले. आपल्या कायद्याच्या मराठीत याला 'पूर्वमृत' आहे, पण बोलताना कुणी वापरत नाही.

मसुद्यात जागोजाग 'डिसीडंट' दिसला. मला वाटलं, वकिलाचं स्पेलिंग चुकलंय, 'डिसेंडंट' हवं. अमेरिकेच्या वकिलाची चूक सापडली म्हणून खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. सगळीकडे एका झटक्यात बदललं, नोटरी केली, कुरियर केलं.

तीन आठवड्यांनी परत आलं. 'डिसीडंट' म्हणजेच मयत. अमेरिकेच्या कायद्यातला रोजचा शब्द, आपल्या 'डिसीझ्ड'चा सख्खा भाऊ. दोघे लॅटिनमधल्या 'निघून जाणे' या एकाच क्रियापदातून आलेले. 'डिसेंडंट' म्हणजे वंशज. मी लिहून पाठवलं होतं, की वंशज वारला आणि वंशजाला वंशज नाहीत.

पदरचे पैसे घालून सगळं नव्याने केलं. काकीला चूक सांगितली. ती रागावली नाही, पण या वेळी प्रत्येक पान वाचून दाखवायला लावलं. पहिल्याच ओळीत 'लेट' आला.

"लेट म्हणजे उशीर मां?"

"इथे कैलासवासी, काकी. आपण कै. लावतो तसं."

"मगे बरा. नायतर तो कधी लेट येयचो नाय."

पुढे मी 'डिसीडंट', 'डिसीडंट' वाचत गेलो. दुसऱ्या पानावर तिने थांबवलं.

"झिला, हेच्यात तेचा नाव खंय आसा?"

नाव वर एकदाच होतं. त्यांची रीतच तशी, एकदा नाव सांगायचं आणि मग शेवटपर्यंत नुसतं 'मयत'. आपलं 'कै.' निदान नावाला धरून चालतं. मसुदा बदलायची हिंमत आता माझ्यात नव्हती. तिच्यासाठी काढलेल्या झेरॉक्सवर प्रत्येक 'डिसीडंट'च्या डोक्यावर पेन्सिलने मराठीत तिच्या भावाचं नाव लिहून दिलं. अकरा ठिकाणी.