चिमणीचं घर मेणाचंच का?

गोष्टीचा कार्यक्रम संपला, मुलं चपलांच्या ढिगाकडे धावली की एखादी आई, कधी एखाद्या शाळेच्या बाई मागे रेंगाळतात. प्रश्न ठरलेला : "तुम्ही सांगता ते सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं हो. आम्ही सांगायला बसलो की पोरं जांभया देतात. मध्ये मध्ये उपमा-अलंकार पेरायचे असतात का? आणि ते ऐन वेळी सुचतात कसे?" तेवढ्यात वॉचमन दिवे मालवायला लागतो आणि उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

कावळा-चिमणीपासून सुरुवात करू. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. अख्ख्या गोष्टीत वर्णन म्हणावं असं जवळजवळ एवढंच. कावळा काळाकुट्ट होता, चिमणी गोजिरवाणी होती, झाड डेरेदार होतं, यातलं काही कोणी सांगत बसत नाही. पण शेण आणि मेण सांगावंच लागतं, कारण पुढे पाऊस यायचा आहे. घर वाहून गेलं नाही तर कावळा चिमणीच्या दाराशी येईल कशाला? दोन शब्दांचं यमक जुळलंय ते आहेच, शिवाय पुढची सगळी गोष्ट त्या दोन शब्दांवर उभी आहे. पुढे कामाला येतं ते वर्णन ठेवायचं, हे माझ्या उत्तरातलं मुख्य. बाकीचं कितीही देखणं असलं तरी तेवढ्या वेळात मुलं शेजारच्याला चिमटे काढतात.

श्रावणातल्या कहाण्या तर याच्याही पुढच्या. "आटपाट नगर होतं, तिथं एक गरीब ब्राह्मण राहत होता." नगर दिसतं कसं, वाडे किती मजली, राजाचा रंग कोणता, काही नाही. वाचणाऱ्या आजीला एका दमात 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' गाठायचं असतं, तिकडे नैवेद्य खोळंबलेला असतो. तरी ऐकणाऱ्या बायका जागच्या हलत नाहीत. तेव्हा वर्णन नसेल तर गोष्ट कोरडी, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. कोरडी होते ती दुसऱ्याच कारणांनी.

अलंकार म्हटलं की आपल्याला व्याकरणाची वही आठवते. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, दोघांतला समान गुण कोणता, आणि सारखा, जसा, परी, वाणी यांतला शब्द कुठे आलाय. 'जणू' दिसलं की डोळे मिटून उत्प्रेक्षा लिहायची. ओळखा आणि मार्क घ्या. ओळखायला शिकवतात ते चांगलंच आहे, पण वापरायची वेळ येते ती फक्त निबंधात. म्हणून दर पावसाळ्यात धरतीमाता हिरवा शालू नेसते. हे लिहिणाऱ्या मुलीनं शालू पाहिलेला असतो तो आत्याच्या लग्नात, आणि पावसाळ्यात ती रोज पाहते ते शाळेच्या भिंतीवरचं शेवाळ, मैदानाच्या कडेला गुडघ्याएवढा वाढलेला टाकळा, चिखलात रुतल्यावर 'फचक' करून निघणारा बूट. त्या बुटाला मार्क नाहीत असं तिला वाटतं. बऱ्याचदा तिचं खरंही असतं, म्हणून मी तिला दोष देत नाही.

मी स्वतः उपमेच्या आधी क्रियापदाकडे जाते. 'म्हातारी बसली' एवढंच सांगितलं तर चित्र काहीच उठत नाही. पण म्हातारी मटकन बसली म्हटलं की पायांतलं बळ गेलं, काहीतरी वाईट कानावर आलंय. फतकल मारून बसली म्हणजे आता ती लवकर उठत नाही, चहा ठेवा. उकिडवी बसली तर हाताला काम आहे, भांडी घासते आहे किंवा चूल फुंकते आहे. ठाण मांडून बसली म्हणजे मागचा हिशेब चुकता केल्याशिवाय जाणार नाही. अवघडून बसली म्हणजे घर परक्याचं. कुठे एक उपमा नाही की एक विशेषण नाही, आणि बाईचा स्वभाव, तिची अडचण, घरातलं तिचं स्थान, सगळं कळून चुकलं. दाराचंही तसंच. दार खाडकन उघडणारा माणूस आणि दार कुरकुरत उघडणारा माणूस एक नसतात, हे चार वर्षांच्या पोरालाही न सांगता समजतं. डोळ्यांत पाणी टचकन येतं, हसू खुदकन फुटतं, हात खसकन ओढला जातो. हे शब्द आपण दिवसभर बोलतो आणि लिहायला बसलो की 'अचानक' लिहितो. का, ते मला आजवर उमगलेलं नाही.

रंगांना, चवींना आपल्याकडे शेपट्याच आहेत. पिवळाधमक, लालबुंद, हिरवागार, आंबटढाण, गोडमिट्ट, कडूजहर. रात्र काळीकुट्ट आणि केस काळेभोर. उलटं करून बघा, केस काळेकुट्ट म्हटलं की लगेच कोणीतरी नाराज होईल. पण सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे वासाचे शब्द. कुबट गोधडी, कोंदट खोली, खवट खोबरं, आंबूस पीठ, करपट दूध, खमंग फोडणी. भुताच्या वाड्यात मुलांना न्यायचं असेल तर 'भयाण', 'भीषण' वगैरे म्हणू नका. कुबट वास आला म्हणा. मुलं स्वतःच नाक आक्रसतात, आणि ज्याचं नाक वाड्यात पोचलं त्याचे पाय आपोआप मागून येतात.

एक नमुना जवळून दाखवते. मोठ्या मुलांच्या एका लेखनवर्गात जत्रेत हरवलेल्या मुलाची गोष्ट आली होती. सुरुवात अशी होती : 'जत्रेत प्रचंड गर्दी होती, जणू माणसांचा महासागरच उसळला होता. गण्याची आई कुठेच दिसेना. त्याचं हृदय घोड्यासारखं धावू लागलं.' भाषा शुद्ध, अलंकार दोन. मी लिहिणाऱ्या मुलीला विचारलं, गण्या केवढा आहे? म्हणाली, पाच वर्षांचा. मग महासागर कोणाला दिसला? तो दिसायला पाळण्यात तरी बसायला हवं. गण्याची उंची तुझ्या कमरेएवढी. खाली बस आणि सांग काय दिसतंय.

ती खरंच वर्गात खाली बसली आणि बाकीच्यांना तिनं भोवती उभं केलं. मग जे लिहून आलं ते साधारण असं : 'गण्याला नुसते गुडघे दिसत होते. लेंग्यांचे गुडघे, लुगड्यांचे काठ, लोंबणाऱ्या पिशव्या. एका पिशवीचा कोपरा त्याच्या कानाला लागला. वर बघितलं तर सगळ्या हनुवट्या. कुठेतरी पिपाणी वाजत होती आणि भज्यांचा वास येत होता, म्हणजे मघाचीच जागा. त्यानं समोरचा पदर घट्ट धरला. पदर आईच्या पदरासारखाच हिरवा होता. पण त्याला आईचा वास नव्हता.' शेवटच्या वाक्याला वर्गातल्या दांडगट मुलांचीही चुळबूळ थांबली. आता यात 'आईच्या पदरासारखा' ही म्हटली तर उपमा आहे, पण ती नटवायला आलेली नाही. त्या सारखेपणामुळेच पोरगं फसलंय. शेणा-मेणासारखी तीही गोष्टीत राबते आहे.

आहे तसं सांगणं हाही आपल्या काव्यशास्त्रात अलंकारच. त्याला स्वभावोक्ती म्हणतात. दंडी या जुन्या संस्कृत पंडितानं काव्यादर्श या ग्रंथात अर्थालंकार, म्हणजे अर्थावर उभे असलेले अलंकार, सांगायला घेतले तेव्हा पहिला मान स्वभावोक्तीला दिला. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास काश्मीरच्या कुंतक या काव्यशास्त्रकाराला हे पटलं नाही. वस्तूचा स्वभाव म्हणजे तर तिचं शरीर. शरीरालाच दागिना म्हणायचं तर तो दागिना घालायचा कोणाला? स्वतःच्याच खांद्यावर कोणाला चढता येतं का, असा त्याचा रोकडा सवाल. युक्तिवाद बिनतोड आहे, आणि तरी मी दंडीच्या बाजूची. कालिदासाच्या शाकुंतल नाटकाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे पळणारं हरीण आठवा. मान वळवून वळवून मागच्या रथाकडे पाहतंय, बाणाच्या भीतीनं मागचं अंग पुढच्या अंगात ओढून घेतलंय, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडताहेत, उड्या इतक्या उंच की जमिनीवर कमी आणि हवेतच जास्त. ज्याच्या नावानं 'उपमा कालिदासस्य' ही म्हण पडली, त्या माणसानं त्या श्लोकात एकही उपमा वापरलेली नाही. त्या चघळलेल्या दर्भांच्या जागी 'विजेसारखं पळणारं हरीण' लिहून बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. विजेसारखं काहीही पळतं. दर्भ मात्र त्याच हरणाच्या तोंडातून पडतात.

मग उपमा कधीच नको? असं कुठे म्हटलं मी. काही गोष्टी नुसत्या नावानं हाती लागत नाहीत. दुखणं, लाज, आभाळ. तिथे तुलना लागतेच, फक्त ती पात्राच्या घरातली हवी. ढग कापसासारखे हे सगळ्यांचं झालंय, म्हणजे कोणाचंच राहिलेलं नाही. गोष्टीतली पोरगी कोळीवाड्यातली असेल तर तिला संध्याकाळचे लांबट ढग बांबूवर वाळत घातलेल्या बोंबलांसारखे दिसतील. एका वाक्यात ढगही दिसले आणि पोरगीही कुठली ते कळलं. हीच उपमा सदाशिव पेठेतल्या आजोबांच्या तोंडी घातली तर हसू येईल. (घालायला हरकत नाही, हसूच हवं असेल तर.) आणि काही ठिकाणी भाषेनं आधीच काम करून ठेवलेलं असतं. 'ऊन मी म्हणत होतं' यापुढे वैशाखाचं आणखी काय वर्णन करणार? निर्जीवाला माणसासारखं वागायला लावणारी ही चेतनगुणोक्ती आहे हे बोलणाऱ्याला ठाऊकही नसतं.

अतिशयोक्तीचं तंत्र निराळं. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं दमडीचं तेल घ्या. त्या तेलात सासूबाईंचं न्हाणं होतं, मामंजींची शेंडी होते, भावोजींची दाढी होते, उरलेलं झाकून ठेवतात, त्याला लांडोरीचा पाय लागतो, ओघळ वेशीपर्यंत जातो आणि त्यात उंट पोहून जातो. पहिल्याच ओळीत उंट आणला असता तर थाप वाटली असती. आधी न्हाणं, मग शेंडी, मग दाढी. घरातल्या घरात, अगदी बेतानं. झाकून ठेवणं तर इतकं खरं आहे की पुढच्या ओळीतला उंट आपण नकळत पदरात घेतो. राक्षस सांगताना मी हेच करते. त्याच्या चपलेपासून सुरुवात. चपलेत कोण कोण झोपू शकेल ते मुलंच सांगतात, आणि राक्षसाचं डोकं ढगात नेईपर्यंत त्यांना त्याची खात्री पटलेली असते.

परदेशातल्या एका मराठी मंडळाच्या ताईंनी आणि इथल्या इंग्रजी शाळेतल्या आयांनी मिळून आणखी एक विचारलंय : आमच्या मुलांना मटकन, फतकल, उकिडवं हे शब्द कळतील का? मटकनचा प्रश्नच येत नाही, आवाजातच अर्थ आहे, आणि मी सांगता सांगता बसतेच. फतकलही लगेच जमते. उकिडवं मात्र करून दाखवावं लागतं, आणि तिथे माझा घोटाळा होतो. निम्म्या मुलांना टाचा टेकवून तसं बसताच येत नाही. एक मागे कलंडतं, त्याला बघून दुसरं मुद्दाम कलंडतं, मग आख्खी रांग. म्हातारी बिचारी चुलीपाशी फुंकणी धरून थांबते, आणि गोष्ट पुन्हा रुळावर आणायला मला राक्षसाची दुसरी चप्पल काढावी लागते.